जिल्हा कारागृहावर बाहेरची नजर: अशासकीय अभ्यागत म्हणून आत जायचं तर काय तयारी लागते?

बिंदुसरा

राम राम. आम्ही सहा जण आहोत. दोन वकील, एक निवृत्त परिचारिका, पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले एक अभियंता आणि पारध्यांच्या पालांवर काम करणारे दोघं. मराठवाड्यातल्या एका जिल्हा कारागृहावर बाहेरच्या माणसांची नियमित नजर असावी, एवढाच हेतू. दिवाळीला फराळ वाटायला, रक्षाबंधनाला राख्या बांधायला आत जाणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. त्यांना नावं ठेवत नाही, पण आम्हाला ते करायचं नाही.

विचारायचं ते असं. अशासकीय अभ्यागत, म्हणजे कारागृहात जाऊन पाहणी करणारा सरकारी नोकरीबाहेरचा माणूस, कोण नेमतं आणि अर्ज कुठे द्यायचा? आपल्या जिल्ह्यात अभ्यागत मंडळ आहे की नाही, हेच कुणी सांगत नाही. आत गेल्यावर बघायचं काय? भेटीच्या दिवशी भिंतींना ताजा चुना आणि वरणात डाळ जास्त, हे ठरलेलंच असतं. कच्च्या कैद्यांपैकी कुणाचे दिवस भरलेत, हे बाहेरून कसं शोधायचं? आणि आमच्याशी बोलला म्हणून एखाद्याला नंतर त्रास झाला तर?

निवेदन, धरणे, उपोषण हे मार्ग माहीत आहेत, ते सोडून सांगा.

नोंदवही

बाहेरची नजर नव्याने आणायची नाही, ती कागदावर आहेच. तुम्हाला ती कागदावरून उठवायची आहे. हा फरक लक्षात ठेवलात तर अर्जाची भाषाच बदलते.

कारागृह हा राज्यसूचीतला विषय (सातवी अनुसूची, दुसरी सूची, नोंद ४). त्यामुळे केंद्राची २०१६ ची आदर्श कारागृह नियमावली सल्ल्यासारखी असते, पण तिच्यातल्या २९व्या प्रकरणाला सर्वोच्च न्यायालयाने वजन दिलंय. १,३८२ कारागृहांतल्या अमानवी परिस्थितीबाबतच्या खटल्यात सप्टेंबर २०१७ मध्ये सगळ्या राज्यांना नियमावलीतल्या त्या २९व्या प्रकरणाप्रमाणे अभ्यागत मंडळं स्थापन करायला सांगितलं होतं. त्याआधी जुलै २०१५ च्या डी. के. बसू प्रकरणातल्या आदेशात अशासकीय अभ्यागतांनी अचानक भेटी द्याव्यात, असा मुद्दा आहे. अर्जात हे दोन्ही संदर्भ तारखेनिशी द्या. 'समाजसेवेची आवड आहे' असं एकही वाक्य नको.

मंडळाचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश. जिल्हाधिकारी, आरोग्य, बांधकाम, शिक्षण, समाजकल्याण वगैरे अधिकारी पदसिद्ध. अशासकीय बाजूला आमदार, राज्य मानवी हक्क आयोगाचा प्रतिनिधी आणि समाजकार्यकर्ते, त्यात महिला हवीच. नेमणूक शासन करतं. अर्ज गृह विभागाच्या अपर मुख्य सचिवांच्या नावे. एक प्रत पुण्याच्या कारागृह महानिरीक्षक कार्यालयाला आणि दुसरी प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना. ही दुसरी प्रत सगळ्यात कामाची, कारण मंडळाची बैठक बोलावणं त्यांच्याकडे आहे. अर्ज संस्थेच्या नावाने करू नका, व्यक्तीच्या नावाने करा. सहापैकी परिचारिका ताईंचं नाव पहिलं घाला, त्याखाली अभियंत्यांचं. दोन्ही वकिलांना मात्र बाहेर ठेवा. ज्या कारागृहात अशील आहेत तिथलाच अभ्यागत होणं म्हणजे पहिल्याच महिन्यात कुणीतरी बोट दाखवणार.

आता खरी अडचण. नेमणारा गृह विभाग आणि कारागृह चालवणाराही गृह विभाग. ज्याच्या घराची झडती घ्यायची, त्याच्याच सहीचं ओळखपत्र. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांत (नियम ८३ ते ८५) प्रशासनापासून स्वतंत्र अशी बाहेरची तपासणी सांगितली आहे. न कळवता भेट, कैद्याशी खाजगीत बोलणं, लेखी अहवाल, सगळं आहे त्यात. आपल्याकडे तसं स्वायत्त पद नाही. छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण अजून त्याला मान्यता दिलेली नाही. म्हणून एकाच दारावर बसू नका, तीन दारं एकदम वाजवा. पहिलं अभ्यागत मंडळ. दुसरं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण: तिथे विधी स्वयंसेवक म्हणून नोंद करता येते (आता 'अधिकार मित्र' म्हणतात) आणि कारागृहातल्या विधी सहाय्य केंद्रात जाता येतं. पण तिथे तुम्ही प्राधिकरणाची माणसं असता, स्वतंत्र तपासनीस नव्हे, एवढं ध्यानात असू द्या. तिसरं राज्य मानवी हक्क आयोग. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम १२(क) खाली आयोग कुठल्याही कारागृहाला भेट देऊ शकतो. शासनाला आधी कळवण्याची अट २००६ च्या दुरुस्तीत गेली.

मंडळ आहे की नाही, हे माहितीच्या अधिकारात विचारा. त्याचा मजकूर खाली वेगळा देतो.

मापटं

नोंदवहींनी दार दाखवलं, मी आतलं सांगतो.

मोबाईल गेटवरच जमा होतो, तेव्हा फोटोच्या भरवशावर राहू नका. पेन, आखलेली वही, परवानगी मिळाली तर पाच मीटरचा टेप. भेटीची वेळ शक्यतो दुपारी तीन-साडेतीननंतरची ठेवा. सकाळी सगळे बराकीबाहेर असतात, बराक झाडलेली आणि ऐसपैस दिसते. संध्याकाळची गणती होऊन टाळं लागायच्या सुमाराला खरी संख्या दिसते.

जागा. आदर्श नियमावलीत बराकीत एका माणसाला ३.७१ चौरस मीटर जमीन धरलेली आहे आणि शक्यतो एका बराकीत २० माणसं. बराक आतून १२ बाय ६ मीटर असेल तर ७२ चौरस मीटर, म्हणजे १९ माणसांची जागा. तिथे ६० जण झोपत असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला १.२ चौरस मीटर. सहा फूट बाय दोन फुटांची सतरंजी अंथरली की संपलं, कूस बदलायची तर शेजाऱ्याला विचारून. 'गर्दी आहे' असं लिहिलंत की ते वाक्य मरतं. '१२ बाय ६ मीटर, ६० बंदी, दरडोई १.२, प्रमाण ३.७१' असं लिहिलंत की उत्तर द्यावं लागतं. देशपातळीवरचा आकडा जोडायचा तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२ चा अहवाल आहे: क्षमता ४,३६,२६६ आणि कैदी ५,७३,२२०, म्हणजे १३१.४ टक्के. पण सरासरी फसवी असते. कारागृहाची एकूण क्षमता विचारून थांबू नका, बराकवार मोजा. रिकामी महिला बराक, दवाखान्याच्या खोल्या, सगळं क्षमतेत धरलेलं असतं.

संडास. रात्रीसाठी दहा माणसांमागे एक, दिवसा सहामागे एक. रात्रीचाच मोजा, कारण टाळं लागल्यावर बाहेरचा संडास कुणाच्या कामाचा? चालू किती आणि तुंबलेले किती, वेगळे लिहा. आत पाणी येतं की बादलीने न्यायचं, तेही.

पाणी. आपल्या भागात इथेच गोम आहे. प्रमाण माणशी रोज १३५ लिटर. ३०० माणसांना ४०,५०० लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर चार, तरी थोडं कमीच. एप्रिल-मेमध्ये टँकरच्या पावत्या मागा आणि भागाकार करा. नळावर जाऊन एक १५ लिटरची बादली भरून बघा. दीड मिनिटात भरली तर मिनिटाला दहा लिटर. पाणी दोन तास येतं आणि नळ सहा आहेत, तर ७,२०० लिटर झाले, त्यात ५३ माणसांचं भागतं. बाकीच्यांचं काय, हा प्रश्न वहीत. अभियंता काका हे डोळे झाकून करतील.

स्वयंपाकघरात वरणाची चव घेऊन काही कळत नाही, चव त्या दिवशी चांगलीच असते. कोठाराची नोंदवही बघा. गेल्या महिन्यात डाळ किती उचलली, त्याला त्या महिन्याच्या रोजच्या संख्येने भागा, ग्रॅम निघतात. त्या कारागृहाचा आहारतक्ता भिंतीवर लावलेला असायला हवा, त्याच्याशी ताळा करा. चुना ताजा मारता येतो, तीन महिन्यांचं कोठार ताजं करता येत नाही.

दवाखाना मात्र परिचारिका ताईंनी एकटीने बघावा, आणि घाई न करता. तीन वह्या शेजारी ठेवायच्या: दवाखान्याची बाह्यरुग्ण नोंद, बाहेरच्या रुग्णालयात पाठवण्याची नोंद आणि पोलीस गार्ड मागितल्याची नोंद. डॉक्टरने 'जिल्हा रुग्णालयात पाठवावे' लिहिलेली तारीख आणि माणूस गेटबाहेर पडल्याची तारीख यात किती दिवस गेले, ते माणसागणिक काढा. 'गार्ड उपलब्ध नाही' हा शेरा किती वेळा आला, ते मोजा. कारागृहाचे लोक यावर खरंच हतबल असतात, गार्ड पोलीस मुख्यालयाकडून येतो. म्हणून ही नोंद अधीक्षकाच्या विरोधात नाही, ती मंडळाच्या बैठकीत पोलीस अधीक्षकांपुढे ठेवायची आहे. ३०० माणसांमागे एक डॉक्टर हे प्रमाण. पद मंजूर, पद भरलेलं आणि डॉक्टर प्रत्यक्ष हजर हे तीन वेगळे आकडे आहेत.

आणखी एक वही: नव्याने दाखल झालेल्यांची वैद्यकीय तपासणी. पोलीस कोठडी (पीसीआर) संपून न्यायालयीन कोठडी (एमसीआर) झालेला माणूस गेटवर येतो, तेव्हा अंगावरच्या जखमा लिहायला हव्यात. सलग चाळीस नोंदींत 'जखम नाही' एकाच अक्षरात, एकाच शाईत दिसलं, तर तपासणी झाली नाही असं थेट लिहू नका. जे दिसलं तेच लिहा: सलग ४० नोंदी, एकच शेरा, वजन व रक्तदाबाचे रकाने कोरे.

महिला विभागात संख्या कमी असते, आणि कमी म्हणूनच हाल जास्त. पाच-सहा बायांसाठी वेगळं स्वयंपाकघर नाही, शिक्षिका नाही, स्त्री डॉक्टर आठवड्यातून कधीतरी. आईबरोबर सहा वर्षांपर्यंतचं मूल आत राहू शकतं. त्याचं लसीकरण कार्ड, दूध आणि अंगणवाडी एवढं विचारा.

वकील_पैठणगेट

वरचं सगळं बरोबर, पण एक सांगतो. गर्दी कमी करायचा सगळ्यात स्वस्त रस्ता नवी बराक नाही, तो न्यायालयात आहे. त्याच २०२२ च्या अहवालात दर १०० कैद्यांपैकी ७५.८ न्यायाधीन आहेत. यात तुमच्या वकील मंडळींचं काम.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ आहे (जुनं ४३६-अ). फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेले गुन्हे सोडून, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला तर जामीन. आधी कधीच शिक्षा झालेली नसेल तर एक तृतीयांश. साधी चोरी घ्या, न्याय संहितेचं ३०३(२), कमाल तीन वर्षं: पहिलटकराला १२ महिने, इतरांना १८. घरातली चोरी, कलम ३०५, सात वर्षं: दोन वर्षं चार महिने किंवा साडेतीन वर्षं. दिवस भरले की अधीक्षकांनी स्वतः न्यायालयाला लेखी अर्ज द्यायचा, हे ४७९(३) मध्ये आहे. जुन्या गुन्ह्यांनाही हे लागू, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं.

मग अडतं कुठे? यादीत. यादी ई-प्रिझन्स या कारागृहांच्या संगणकीय नोंदप्रणालीतून निघते आणि त्यात गुन्हा दाखल झाला तेव्हाची कलमं असतात. दोषारोपपत्रात मोठं कलम गळालं तरी यादीत ते तसंच राहतं, आणि माणूस 'जन्मठेपेच्या गुन्ह्यातला' म्हणून अपात्र दिसतो. दुसरी चूक अटकेच्या तारखेऐवजी कारागृहात दाखल झाल्याची तारीख धरणं, यात पोलीस कोठडीचे दिवस जातात. तिसरी चूक नावाची. पोलिसांच्या कागदावर एक, आधारवर दुसरं, टोपणनाव तिसरं.

आणि मोठी मेख ४७९(२): एकाहून जास्त गुन्हे किंवा प्रकरणं प्रलंबित असतील तर या कलमाखाली सुटका नाही. पण बाकीचे दरवाजे बंद होत नाहीत, हे अनेकजण विसरतात. ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामिनासाठी कलम १८७ आहे. दंडाधिकाऱ्यांपुढच्या अजामीनपात्र खटल्यात पुराव्यासाठी ठरलेल्या पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत खटला संपला नाही आणि आरोपी त्या सगळ्या काळात आतच असेल तर ४८०(६). जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार देता आला नाही तर माणूस निर्धन समजायचा आणि वैयक्तिक बंधपत्रावर सोडायचा, कलम ४७८.

एक बारीक पण महागडी गोष्ट. एका गुन्ह्यात आत असलेल्या माणसाचं नाव दुसऱ्या गुन्ह्यात असतं, पण त्या गुन्ह्यात त्याला वर्ग करून, म्हणजे अटक दाखवून घेतलेलं नसतं. वर्षभर आत बसला तरी दुसऱ्या प्रकरणात त्याचा एकही दिवस मोजला जात नाही. पहिल्यात जामीन झाला की गेटवरूनच दुसऱ्याचा ताबा. म्हणून प्रत्येकाला विचारायचं, 'तुझ्या तिकिटावर (कारागृहातल्या नोंदपत्रावर) किती वॉरंट आहेत?' आणि दुसऱ्या न्यायालयाकडून हजर करून घेण्याचं वॉरंट लवकर मागून घ्यायचं.

हे सगळं न्यायाधीन बंदी पुनर्विलोकन समितीत न्यायचं. जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, कारागृह अधीक्षक सदस्य. तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक. तुम्हाला तिथे बसता येणार नाही, पण बैठकीच्या पंधरा दिवस आधी सचिवांकडे दुरुस्त्यांची यादी देता येते: बंदी क्रमांक, न्यायालय, खटला क्रमांक, अटकेची तारीख, दोषारोपपत्रातलं कलम. वकील नसलेल्यांसाठी लोक अभिरक्षक कार्यालय. कोठडीतल्या माणसाला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. दाखला मागितला तर कलम दाखवा. घरच्यांनी १५१०० वर फोन केला तरी नोंद होते.

पालावरून

वकीलसाहेब, जामीन होतो, पण माणूस बाहेर येत नाही, त्याचं बोला की. आदेशात 'स्थानिक सॉल्व्हंट (ऐपतदार) जामीनदार' असतो. पालावरच्या माणसाला सातबारा असलेला जामीनदार कोण देणार? ऊसतोडीला गेलेलं बिऱ्हाड सहा महिने कर्नाटकात नाहीतर पश्चिम महाराष्ट्रात, आणि जामीनदार मागतात इथला.

३१ जानेवारी २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश छापून खिशात ठेवा. जामिनाच्या आदेशाची प्रत ई-मेलने त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कारागृहात. सात दिवसांत सुटला नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात बंधपत्र भरलं नाही तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. स्थानिक जामीनदाराच्या अटीनेच सुटका लांबते, हेही त्यात नोंदवलंय. म्हणून कारागृहाकडे एकच आकडा दर महिन्याला मागा: जामीन होऊन सात दिवसांपेक्षा जास्त काळ आत असलेले किती. याहून सरळ आकडा नाही.

२०२३ पासून गरीब बंद्यांसाठी केंद्राची योजना आहे. सुरू झाली तेव्हा, २०२३ मध्ये, मर्यादा जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याचा दंड भरायला २५,००० पर्यंत होती. पैसे कैद्याच्या हातात पडत नाहीत, जिल्ह्याची समिती मंजूर करते आणि न्यायालयात भरले जातात. पण ही योजना रोख रकमेवर चालते. आदेशात फक्त जामीनदार असेल तर आधी 'जामीनदाराऐवजी रोख' असा बदल न्यायालयाकडून करून घ्यावा लागतो. तो अर्ज कुणी करत नाही, आणि मग म्हणतात योजनेला प्रतिसाद नाही.

आणि जात. ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निकालात कारागृहाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितलाय, जातीवरून कामं वाटायला मनाई केलीय, आणि विमुक्त जातीचा आहे म्हणून कुणाला 'सराईत' धरायचं नाही असंही सांगितलंय. विधी सेवा प्राधिकरण आणि अभ्यागत मंडळाने मिळून याची तपासणी करायची आहे. म्हणजे मंडळच नसेल तर हा निकालही लटकला. तुमच्या अर्जात हे टाका. आत गेल्यावर 'भेदभाव होतो का' असं विचारू नका, सगळे नाही म्हणतील. संडास कोण धुतं, रांधायला कोण आहे, त्यांची आडनावं काय, एवढं बघा.

बिंदुसरा

खूप झालं, आभार. दोन गोष्टी राहिल्या. बोलणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून काय? आणि कोठडीत मृत्यू झाल्याचं कळलं तर पहिल्या दिवशी काय करायचं? नातेवाईक आमच्याकडेच येतात.

मापटं

पहिल्याचं मी सांगतो. एकाशी कधीच बोलायचं नाही. एका बराकीतल्या दहा-बारा जणांना तेच पाच प्रश्न, त्याच क्रमाने. हवालदार दिसेल इतका जवळ, ऐकू येणार नाही इतका लांब. तो सरकत नसेल तर बोलणं थांबवा आणि वहीत तसं लिहा. वहीत नाव नको, 'बराक ३ मधील काही बंद्यांनी सांगितले' पुरे. नाव घालायचंच असेल तर त्याला विचारून. पुढच्या भेटीत आधी त्याच बराकीत जा आणि मागच्या वेळचे दहा चेहरे आहेत का बघा. बराक बदलली, दुसऱ्या कारागृहात हलवलं, मुलाखत बंद झाली, तर आदेशाची तारीख आणि कारण मागा. पाठोपाठ दोनदा झालं तर थेट जिल्हा न्यायाधीशांना पत्र.

तक्रारपेटी बघाच. सर्वोच्च न्यायालयाच्या सुनील बत्रा प्रकरणातल्या डिसेंबर १९७९ च्या निकालाप्रमाणे ती जिल्हा न्यायाधीश आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाखाली राहायला हवी. किल्ली कुणाकडे आहे? शेवटची कधी उघडली? कुलूप गंजून धरलंय का? पेटी बराकीसमोर आहे की कार्यालयाच्या दारात, कॅमेऱ्याखाली? कार्यालयाच्या दारातल्या पेटीत कोण चिठ्ठी टाकणार!

वकील_पैठणगेट

दुसरं. क्रम महत्त्वाचा आहे, तो मोडू नका.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६(२) खाली कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकारी करतात, ही पोलीस तपासाहून वेगळी. नातेवाईकांनी त्यांच्याकडे त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा: आमचा जबाब घ्या, शवविच्छेदनाला आम्हाला कळवा, चित्रीकरण करा, कारागृह आणि ठाणे दोन्हीकडचं सीसीटीव्ही जपून ठेवा. सीसीटीव्हीचं पत्र पहिल्या चोवीस तासांतच, तारीख आणि वेळ घालून. पोलीस ठाण्यातलं चित्रण किमान वर्षभर ठेवायचं, असा डिसेंबर २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. कारागृहातल्या चित्रणाबाबत तेवढ्या भरवशावर राहू नका. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला २४ तासांत कळवणं प्रशासनाचं काम, ते कळवलं का हे विचारा आणि तुम्हीही स्वतंत्र तक्रार टाका. शुल्क नाही, मराठीत चालते, घटनेपासून एक वर्षाच्या आत हवी. मात्र राज्य आणि राष्ट्रीय अशा दोन्ही आयोगांकडे एकदम नको. एकीकडे प्रकरण चालू असलं की दुसरीकडे हात लावत नाहीत.

दाखल होतानाच्या तपासणीचा कागद, इन्क्वेस्ट (मरणोत्तर) पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतले अवयव) राखून ठेवल्याची नोंद, या चारांच्या प्रती मागा. शंका दाट असेल तर दहनापेक्षा दफन, दुसऱ्यांदा तपासणी शक्य राहते. हे दुःखात सांगणं अवघड आहे, पण सांगावं लागतं. मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदयविकार' आलं म्हणून थांबू नका. परभणीतल्या डिसेंबर २०२४ च्या न्यायालयीन कोठडीतल्या मृत्यूत औरंगाबाद खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवायला सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयात तो आदेश टिकला.

नोंदवही

माहिती अधिकाराचा मजकूर. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, म्हणून पाणी, दवाखाना, मंडळ एकाच अर्जात कोंबू नका, परत येईल.

'विषय: जिल्हा कारागृहाचे अभ्यागत मंडळ. कालावधी: मागील तीन वर्षे. (१) मंडळ स्थापनेच्या व अशासकीय अभ्यागत नियुक्तीच्या आदेशांच्या प्रती. (२) मंडळाच्या बैठकांच्या तारखा व इतिवृत्तांच्या प्रती. (३) अभ्यागत नोंदवहीतील शेऱ्यांच्या व त्यावर वरिष्ठांकडे पाठवलेल्या अधीक्षकांच्या अभिप्रायांच्या प्रती. बंद्यांची नावे वगळून.'

शेवटचे शब्द मुद्दाम आहेत. व्यक्तीची नावं मागितली की वैयक्तिक माहिती म्हणून पूर्ण अर्जच फेटाळतात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतीला पानामागे दोन रुपये, उत्तराला ३० दिवस. एखाद्याच्या जिवाचा प्रश्न असेल, म्हणजे उपचार थांबलेत वगैरे, तर ४८ तासांची तरतूद आहे, पण ती मंडळाच्या इतिवृत्तासाठी वापरून वाया घालवू नका.

तिसरा मुद्दा सगळ्यात मोलाचा. अभ्यागताने स्वतःच्या हाताने शेरा लिहायचा आणि तो अधीक्षकांच्या अभिप्रायासह महानिरीक्षकांकडे जायचा, अशी रीत आहे. मागचे शेरे बघा. 'स्वच्छता उत्तम, भोजन रुचकर, प्रशासनाचे अभिनंदन' असे ओळीने सापडतील. तुमचा पहिला शेरा अर्ध्या पानाहून मोठा नको: चार आकडे, त्यांच्यासमोर चार प्रमाणं आणि 'पुढील भेटीत पुन्हा मोजणार' अशी तारीख.

बिंदुसरा

अर्ज सोमवारी टाकतो. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील त्याच कारागृहात ना?

नोंदवही

जन माहिती अधिकाऱ्याहून वरच्या, प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे. त्यांचं नाव कार्यालयातल्या फलकावर असतं, नसेल तर अर्जातच विचारून ठेवा. उत्तर आल्यापासून किंवा ३० दिवस संपल्यापासून ३० दिवसांत, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. दुसरं अपील ९० दिवसांत, राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे. आणि अर्ज हातोहात देणार असाल तर आवक क्रमांक टाकलेली पोच घेतल्याशिवाय गेटवरून हलू नका. गेटवरचा हवालदार घेतो, पण तो आवक-जावक नव्हे.